शेवटच्या लेखाखाली

जरीपटका भागात भाऊंचं मिरचीपुडीचं दुकान आहे. पूर्वी आम्ही दोघंही आपापल्या धंद्यावर ब्लॉग लिहायचो, ते मिरचीवर, मी कुलरवर. एकमेकांच्या लेखाखाली दोन ओळी टाकल्याशिवाय आम्हा ब्लॉगवाल्यांना चैन पडत नसे. पुढे सगळे पांगले, मीही थांबलो. ते मात्र गल्ल्यावर बसून अजून एका बोटानं टाइप करतात आणि दर ओळीला शिंकतात. मी दर आठवड्याला दुकानात जातो, पण माझ्या ब्लॉगचं ते नावही काढत नाहीत.

काल सहज तो उघडला. शेवटच्या लेखाखाली दर उन्हाळ्यात त्यांचीच एक ओळ: "काहून लिहून नाही राहिला गा?"

मी तडक दुकान गाठलं. "भाऊ, मले तोंडावर काहून नाही विचारलं?"

पुडी बांधता बांधता ते म्हणाले, "तिथं विचारलं ना गा. तिथंच सांग."