काळ्या रानातली शिकवणी

"अंगठा भाईर!"

माझा अंगठा स्टिअरिंगच्या आत गेला रे गेला, की चाचा खिशातल्या कंगव्याने त्यावर टक्कन मारायचे. चाक दगडावर चढलं की स्टिअरिंग उलटं फिरतं आणि आतला अंगठा मोडतो, हे मला नंतर कळलं. मार आधी. चाचांच्या डोक्यावर केस नव्हते. कंगवा ते त्याच कामासाठी बाळगत असावेत.

ते आमच्या आरोग्य केंद्राच्या जीपचे ड्रायव्हर, राहणारे कळमनुरीचे. मी त्या केंद्रातली नवी डॉक्टर. पावसाळ्यात काळी माती कशी होते ते तुम्ही पाहिलंच असेल. ती चप्पल सोडत नाही, जीप काय सोडणार! म्हणून आमच्या गाडीला चारी चाकांना जोर लावायची सोय होती. "ड्रायव्हर बिमार पडला तं गाडीनं काहून बिमार पडावं?" असं म्हणून चाचांनी मला रविवारी पडीक रानात शिकवायला घेतलं.

चिखल दिसला की ते उतरत, पँट दुमडत आणि तुराटीने जमीन टोचत पुढे चालत जात. "आधी पायानं, मंग चाकानं."

"चाचा, अशानं तुम्ही हजला पायीच जाल."

"बराबर पोचन तरी," ते म्हणत.

एकदा गाडी रुतली. मी घाबरून ॲक्सिलरेटर दाबत राहिले आणि चाकं खाली खाली जात राहिली. चाचा बांधावर बसून शेंगा फोडत होते. "खंदा डाक्टरबाई, खंदा. हिरीला पानी लागंल आता." मग सावकाश उठून त्यांनी टायरांची थोडी हवा सोडली, चाकांखाली कपाशीच्या वाळक्या काड्या, पळाट्या टाकल्या, आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी मुकाट बाहेर आली. "चारी चाकं चिखलाच्या आधी जोडायची. फसल्यावर न्हाई."

त्या श्रावणात एका तांड्यावरून आम्ही अडलेली बाई घेऊन निघालो. वाटेतला ओढा भरून वाहत होता. चाचा मांडीभर पाण्यात जाऊन आले, पण परतताना पाय घसरला आणि घोटा टरारून सुजला.

"पान्यातून न्हाई जायचं."

"चाचा, वेळ नाही! घाबरलात का?"

"व्हय, घाबरलो. वाहत्या पान्याला घाबरावंच लागतं. वरच्या रानातून चला, तिकडं पूल हाये. गाडी तुमी चालवा."

मागे ती बाई कण्हत होती, सासूने तिचा हात धरला होता. मी चारी चाकं आधीच जोडली. उतारावर ब्रेककडे निघालेला पाय आवरला. चिखलात गाडी इकडे-तिकडे झुलली, तरी मी स्टिअरिंगशी झटापट केली नाही. एरवी रस्ताभर बडबडणारे चाचा शेजारी बसून एक अक्षर बोलले नाहीत.

केंद्रात पोचल्यावर तासाभरात मुलगी झाली. मायलेकी सुखरूप. मग मी चाचांचा घोटा बांधायला बसले.

"चिखलात मधीच गिअर बदलला तुमी," ते म्हणाले.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो असतो तं तुमी माझ्याकडं पाहिलं असतं."

चाचा आता नाहीत. रिटायर झाल्यावर एकदा मी त्यांना माझ्या गाडीतून शिरड शहापूरला, त्यांच्या लेकीकडे सोडायला गेले होते. डांबर संपलं, शेतरस्ता लागला, खड्ड्यामागून खड्डा येऊ लागला. मी त्यांच्या सूचनांची वाट पाहत होते. सूचना काही येईना. चाचा काचेला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून, चक्क घोरत होते.