अर्थिंगच्या पाइपाभोवतीचं हिरवं गवत

ती घटना मला दर उन्हाळ्यात आठवते. बायको कूलर पुसायला काढते. मी प्लग काढलाय ना ते पाहतो, थोड्या वेळाने पुन्हा पाहतो, आणि ती वैतागते, "आता बस करा, हे पोलीस स्टेशन नाही!" तिचं बरोबर आहे. पण तीस वर्षांहून जास्त नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यातलं निम्मं आज विसरलो आहे. एका साध्या मर्गाचे कागद मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत.

तेव्हा मी मेहकरच्या बाजूला एका ठाण्याचा ठाणेदार होतो. मे महिन्यातली दुपार. ठाणे अंमलदाराने फोन घेतला आणि स्टेशन डायरीत नोंद केली : गावात कूलरचा करंट लागून बाई मयत. अशा घटना आमच्या वऱ्हाडात दर उन्हाळ्यात घडतात. आम्ही मर्ग दाखल करतो, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद करतो, पंचनामे होतात, प्रेत शवविच्छेदनाला जातं आणि महिन्याभरात चौकशी अहवाल लिहून कागद बंद होतात. खरं सांगायचं तर मी त्याच हिशेबाने गाडीत बसलो.

घर नवं होतं. घरमालक एसटीत कंडक्टर, निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेली. आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत राहून त्याने हे घर बांधलं होतं. भिंतींना अजून रंगाचा वास होता. मयत त्याची पत्नी, पन्नाशीची. लोखंडी बॉडीच्या कूलरमध्ये पाणी भरताना तिला करंट लागला होता. कंडक्टर दाराच्या चौकटीला टेकून बसला होता. माझ्याकडे पाहून त्याने हात जोडले. मीही जोडले.

हवालदार मागच्या अंगणात घटनास्थळाचा पंचनामा लिहीत होता. माझा हा हवालदार दिसेल ते सगळं लिहायचा. मी त्याला त्यावरून चिडवायचो, "अरे, कोंबडी गेली तर तिचंही नाव लिहिशील." त्या दिवशीही त्याने लिहिलं : 'घराच्या मागील बाजूस अर्थिंगचा लोखंडी पाइप जमिनीबाहेर एक वीत दिसतो, त्याभोवती अंदाजे दोन हात गोलाकार हिरवे गवत उगवलेले आहे.' मी वाचलं आणि सही केली. भर मे महिन्यात, सगळं गाव करपलेलं असताना तिथेच हिरवं गवत कसं, हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

थोड्या वेळाने वायरिंगचं काम केलेला ठेकेदार आला. तालुक्याच्या गावचा माणूस, पांढरा शर्ट, बोलायला गोड. आल्या आल्या हळहळला आणि मग लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ठाणेदार साहेब, म्या वहिनीले शंभर डाव सांगतलं होतं, उन्हाळ्यात अर्थिंगले रोज बादलीभर पानी टाकत जा. पानी नाई तर अर्थिंग सुकते. आन् वरून ओल्या हातानं कूलरले हात लावला. आता काय करता?"

जमलेल्या लोकांनी माना डोलावल्या. तासाभरात गावभर झालं की कंडक्टरच्या बायकोने पाणी टाकलं नाही, स्वतःच्या हाताने गेली. गावाला कारण सापडलं की गाव मोकळं होतं, हे मी फार वेळा पाहिलं आहे. पोलीसही त्याला अपवाद नाहीत.

निघताना कंडक्टर माझ्या गाडीपाशी आला.

"साहेब, तुमच्या कागदावर काय लिहिता?"

"चौकशी होईल, अहवाल येईल. मग लिहू."

"एकच सांगतो. तिच्या चुकीनं मेली, असं लिहू नका. ते रोज पानी टाकत होती. म्या डोळ्यानं पाह्यलं. बाकी तुमाले जे लिहायचं ते लिहा, पन तिच्या नावानं तेवढं लिहू नका."

नुकसानभरपाई, शिक्षा, काही काही त्याने मागितलं नाही. त्याला फक्त ते एक वाक्य टाळायचं होतं. मी "बघू" म्हणालो. पोलिसांचं 'बघू' म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ठाण्यात फोन आला. बोलणारी बाई कंडक्टरच्या शेजारची, बाजारात भाजी विकणारी. आवाज दबलेला होता.

"साहेब, कंडक्टर मामाच्या घरचे सारे राख सावडाले पैनगंगेवर गेले. आन् तो ठेकेदार घरामागं खंदून राह्यला. संगं लंबा पाइप आनला त्यानं, मिठाची गोनी बी हाय. घरात कोनी नाई, मंग हा काऊन खंदून राह्यला?"

मी कपाळावर हात मारला. दोन दिवस मी ती जागा मोकळी सोडली होती, साधा एक शिपाई बसवला नव्हता. दोन पंच घेऊन आम्ही निघालो. ठेकेदार एकटाच होता, घामाने निथळलेला, हातात पहार. मला पाहून पहार ठेवली आणि म्हणाला, "साहेब, माणुसकी म्हनून दुरुस्त करून देऊन राह्यलो."

"माणुसकी घरचे असताना करायची असते," मी म्हणालो. "बाजूला व्हा."

पंचांसमोर हवालदाराने जुना पाइप धरला आणि ओढला. जोर लावायची गरजच पडली नाही, मुळा उपटावा तसा तो हातात आला. जेमतेम दीड फूट होता. जमिनीत चांगला सात-आठ फूट जायला हवा, भोवती कोळसा आणि मीठ भरायला हवं. तिथे खाली विटांचे तुकडे आणि सिमेंटचा राडा होता. घरातून आलेली अर्थिंगची तार पाइपापर्यंत पोहोचलीच नव्हती. गिलाव्यात वीतभर खाली तिचं टोक वळवून बुजवलं होतं. म्हणजे घरभर तीन पिनांची सॉकेटं, प्रत्येकात हिरवी तार, आणि ती सगळी जाऊन कुठेच मिळत नव्हती.

शेजारीण कुंपणापलीकडे उभी होती. मी तिला विचारलं, "मयत बाई इथं पाणी टाकायच्या का?"

"टाके म्हंजे? रोज! आमच्याकडं नळ आठ-आठ दिवस येत नाई. मामी हापशीवरून दोन बादल्या आने, त्यातली एक अठी टाके. म्या एक डाव हासलो, काऊन वो मामी, पाइप हाय का झाड हाय? तर म्हने, बाई, ठेकेदारानं सांगतलं, पानी टाकलं तर घरच्याइले करंट लागत नाई."

हवालदाराने खिशातून आपला आधीचा पंचनामा काढला आणि त्या गवताच्या ओळीवर बोट ठेवलं. त्याला चिडवल्याची मला पहिल्यांदा लाज वाटली. बाई रोज पाणी घालत होती, याचा पुरावा तिथे जमिनीतून उगवून आला होता, आणि मी त्याच्यावर सही करून निघून गेलो होतो.

ठेकेदाराला ठाण्यात आणलं. चौकशीत मी कधी आरडाओरडा केला नाही. ओरडलं की माणूस आपल्या रागाला उत्तर देतो, प्रश्नाला देत नाही. मी दीड फुटाचा पाइप टेबलावर ठेवला, त्याला पाणी दिलं आणि म्हणालो, "हे काम कसं केलं, पहिल्या दिवसापासून सांगा."

बराच वेळ तो इकडचं तिकडचं बोलला. सगळेच असं करतात, माल महाग झाला, घरमालकाला घाई होती. मी ऐकत राहिलो. शेवटी त्याची नजर पाइपावर गेली.

"खाली मुरूम लागला, साहेब. लय कडक होता. म्हटलं उद्या मशीन आनून खंदू. तोवर दिसाले पाहिजे म्हनून तुकडा उभा केला. मंग दुसरं काम लागलं. राहून गेलं."

"आणि विद्युत कार्यालयाला दिलेला चाचणी अहवाल? त्यात अर्थिंग ठीक लिहिलंय."

"ते आदीच सही करून ठेवतो जी."

"मग त्या बाईला पाणी टाकायला कशाला सांगितलं?"

तो गोंधळला. "सगळ्याइलेच सांगतो. सवय हाय."

तोवर मी त्याला 'तुम्ही' म्हणत होतो. तिथून पुढे माझ्या तोंडातून 'तू' निघालं. त्याने लगेच सावरून घेतलं, "पन साहेब, करंट येऊन राह्यला हे मले कोनी सांगतलंच नाई. सांगतलं असतं तर म्या धावत आलो असतो."

आता प्रश्न एवढाच होता की त्याला माहीत होतं की नव्हतं. मी कंडक्टरला बोलावून घेतलं आणि विचारलं, "ठेकेदाराला कळवल्याचा काही कागद आहे का?" आयुष्यभर तिकिटांचा मेळ घातलेला माणूस, कागद त्याच्याकडे नसेल असं होणारच नव्हतं. त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून एक घडी काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

तो आमच्याच ठाण्याला दिलेला अर्ज होता, घटनेच्या पंधरा-वीस दिवस आधीचा. 'नवीन घराच्या वायरिंगचे काम सदोष असून कूलर व फ्रिजला करंट येतो. ठेकेदारास चार वेळा फोन करून व समक्ष भेटून सांगितले, तो येत नाही. त्यास बोलावून समज द्यावी.' वर आमचा आवक शिक्का. खाली शेरा : 'बाब दिवाणी स्वरूपाची आहे. अर्जदारास ग्राहक आयोगात अथवा दिवाणी न्यायालयात दाद मागण्याबाबत समज दिली.'

अक्षर माझं होतं, सहीही माझी.

मी त्याला ओळखलंच नव्हतं. दिवसाला असे दहा अर्ज यायचे. बांध कोरला, गाडी परत देत नाही, घराचं काम बिघडवलं. दिवाणी स्वरूपाची बाब, हे वाक्य माझ्या पेनात कायम भरलेलं असायचं. आणि कायद्याने ते चूकही नव्हतं. सदोष कामासाठी ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, त्याआधी ठेकेदाराला लेखी नोटीस द्यावी, हे मी त्याला नीट समजावलंही असणार. कारण पिशवीत नोटिशीचा मसुदाही होता. मी सांगितल्याप्रमाणे तो वकिलाकडे गेला होता. नोटीस टाइप होऊन आली होती, सही तेवढी बाकी होती.

कंडक्टर गेल्यावर हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, ठेकेदाराच्या फोनचे कॉल तपासून बी भागते. हा कागद लावाची काय गरज?"

त्याचा हेतू वाईट नव्हता. आणि मला मोह झाला नाही असं म्हणणार नाही, झाला. कागद चार बोटांत मावेल एवढा होता. पण ठेकेदार म्हणाला होता 'राहून गेलं', तेही माझ्या कानात होतं. माझं काय वेगळं झालं होतं? मी हवालदाराला म्हणालो, "लावा. पान क्रमांक टाकून लावा."

मग मी मर्गाचा चौकशी अहवाल स्वतः लिहायला बसलो. त्यात दोन वाक्यं सावकाश लिहिली. मयत ही अर्थिंगला दररोज पाणी घालत होती. तिच्या मृत्यूस तिचा कोणताही हलगर्जीपणा कारणीभूत नाही. त्यावरून ठेकेदारावर निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा, तेव्हाच्या ३०४-अ कलमाखाली, आणि पुरावा नष्ट करण्याच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवला. वरिष्ठांना जाऊन सांगितलं की या कागदांत मी स्वतः आहे, तपास दुसऱ्याकडे द्या. ते थोडे रागावले, पण दिला.

विद्युत निरीक्षकांचा अहवाल आला. कूलरच्या मोटरीतून करंट बॉडीत उतरत होता. अर्थिंग असती तर फ्यूज उडाला असता आणि बाई वाचली असती.

दोन वर्षांनी साक्षीला उभा राहिलो. ठेकेदाराच्या वकिलाने तो अर्ज माझ्यापुढे धरला.

"ही सही कोणाची?"

"माझी."

"घरात करंट येतो, असं यात स्पष्ट लिहिलेलं आहे. यावर तुम्ही काय कार्यवाही केली?"

"काही नाही."

कोर्टात पंखा फिरत होता, लेखनिक टाइप करत होता. माझी ती दोन शब्दांची साक्ष आजही त्या कागदांत आहे. ठेकेदाराला शिक्षा झाली. ग्राहक आयोगातही निकाल कंडक्टरच्या बाजूने लागला.

साक्ष देऊन बाहेर आलो तर कंडक्टर व्हरांड्यात उभा होता. मला त्याच्यासमोर उभं राहवेना. मी म्हणालो, "भाऊ, चूक माझी होती. त्या दिवशी मी तुम्हाला नुसतं कोर्टाचा रस्ता दाखवून पाठवलं."

त्याने मान हलवली. रागाचा लवलेश नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"नाई साहेब, तुम्ही चांगलेच वागले. मले खुर्चीवर बसवलं, चहा पाजला, सारं समजून सांगतलं. तुम्ही एवढे निवांत बोलले, म्हनून मले वाटलं, एवढं घाबराचं काम नाई. घरी जाऊन तिले तसंच सांगतलं. म्हटलं, ठाणेदार साहेबानं सांगतलं, कोर्टाचं काम हाय, होते हळूहळू. चालू दे कूलर."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या ठाण्यात असा अर्ज आला की मी आधी एकच विचारायचो : "आत्ता, या घडीला घरात करंट येतो का?" हो म्हटलं की शिपाई सोबत देऊन मेन स्विच बंद करायला लावायचो, वीज कार्यालयाला माझ्यासमोर फोन करायचो आणि मग कायदा सांगायचो. ग्राहक आयोग, नोटीस, दिवाणी दावा, सगळं आपल्या जागी बरोबर आहे, तो माणसाचा हक्कच आहे. पण तो जिवंत माणसांसाठी आहे. आणि चहा? चहा मी मेन स्विच बंद झाल्याचा निरोप आल्याशिवाय कधी पाजला नाही.