पिठातलं पाऊल

टाकेमामांविषयी लिहावं इतकं मला खरं तर ठाऊक नाही. ते तुरुंगात असतानाच मी त्यांच्या माडीवर भाडेकरू म्हणून आलो. त्यांची ओळख झाली ती मामींच्या तोंडून, जिन्यात, तुकड्यातुकड्यांनी. चूकभूल माझी.

मामा जोडे दुरुस्त करत. नवी टाच बसवली की रापीने तिच्यावर तीन तिरके काप द्यायचे, ओल्या फरशीवर माणूस घसरू नये म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं; त्यांचीच सवय.

गल्लीतल्या गिरणीवाल्याचा खून झाला, तेव्हा सांडलेल्या पिठात एक पाऊल उमटलं होतं. टाचेवर तीन तिरके काप. मामांच्या चपलेवरही तेच. पोलिसांनी फोटो दाखवला, तर मामा निरखून म्हणाले, "काप माझ्याच हातचे. बघा, किती सारखे आलेत!"

झालं. कारागिराने आपलं काम ओळखलं, आणि लोकांनी तो गुन्ह्याचा कबुलीजबाब धरला. निम्म्या गल्लीच्या टाचेवर असेच काप आहेत, असं मामा कोर्टात सांगत राहिले. पण भीतीने कुणी टाचा घासून घेतल्या होत्या, कुणी बदलून, कुणी जोडेच दडवले होते. एकही जोडा पुढे आला नाही. जन्मठेप झाली.

मग मामी तसे काप असलेला एक तरी जोडा शोधत हिंडल्या. वर्षानुवर्षं. दुपारी डोळा लागता लागता मला त्यांची पावलं ऐकू यायची, आणि वाटायचं, सगळी गल्लीच झोपेत चालते आहे.

"जोडे झिजवणं म्हणतात ना भाऊजी, ते हेच," त्या म्हणायच्या. "आणि नशीब बघा, शिवणारा आत!"

हसायच्या, आणि मग जिन्यात बसून राहायच्या.

जोडा सापडला तो दूरच्या गावी, गल्ली सोडून लेकीकडे राहायला गेलेल्या एका नर्सबाईंच्या कपाटात. त्यांचे यजमान खुनाच्या आधीच वारलेले. "ह्यांचे बूट तेवढे टाकवले नाहीत," त्या म्हणाल्या. टाचेवर तीन काप. त्यांनी वरच्या कोर्टात साक्ष दिली, तशी गल्लीलाही कंठ फुटला. माळ्यांवरून, खाटांखालून जुने जोडे निघाले. मामा निर्दोष सुटले.

घरी आल्यावर ते खिडकीशी बसून रस्ता बघत. एकदा मला म्हणाले, "आत डोळे मिटले की गल्ली दिसायची. पण चेहरे नाही हो, नुसते पाय. मी कायम खालूनच बघितलेली ना."

कधी मध्येच मामींना विचारायचे, "अगं, मी जागा आहे ना?"

"चिमटा काढू का?"

"नको. झोपेत असलो तर उगाच उठवशील."

पुढे मी मुलाकडे राहायला गेलो आणि काही महिन्यांनी मामा गेल्याचं कळलं. मी निघायच्या आदल्या सकाळी ते आणि मामी दारात भेटले होते. दोघांनी धुतलेले कपडे घातलेले, हातात पिशवीसुद्धा नाही.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

मामांनी मामींकडे बघितलं. "ठरवलं नाही अजून."

"मग परत कधी?"

"तेही नाही ठरवलं," ते म्हणाले. "का, काही आणायचंय?"

"नाही, नाही. सावकाश या."