न झालेल्या घरांवर माझी सही

"ये तो हमारे यहाँ चाय-पानी देखती है."

साहेब असं म्हणाले तेव्हा मी त्यांच्या टेबलापासून दोन हातांवर उभी होते. टेबलावर घरांच्या निधीची रोकडवही उघडी होती. तिच्यातलं एकूणएक अक्षर माझं. बाहेरगावाहून ऑडिटला आलेल्या मॅडमनी त्याच अक्षरावर बोट ठेवून विचारलं होतं, ही वही कोण लिहितं. साहेबांनी दुबेजींचं नाव सांगितलं. दुबेजी म्हणजे आमचे जुने बाबू. मग मॅडमची नजर माझ्याकडे गेली, आणि साहेबांनी माझी ही ओळख करून दिली.

मग मराठीत मला म्हणाले, "जा, चहा घेऊन ये."

आमच्याकडे चहा आणायला माणूस आहे. त्याला त्या दिवशी सकाळीच कुठंतरी पाठवलं होतं. मी गेले. कप आणले. ठेवताना बशीत चहा सांडला. साहेब हसले. "देखिए, इसीलिए इसको काग़ज़ छूने नहीं देते."

खोली हसली. दुबेजींनी मान खाली घातली. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी फक्त वही चहापासून लांब सरकवली.

मी लेखा सहायक आहे. परीक्षा देऊन लागले आहे. एवढं एक वाक्य मला म्हणता आलं नाही. घाबरले होते. कशाला घाबरले होते ते सांगते.

माझे आजोबा भंडाऱ्याकडून जबलपूरला आले, फॅक्टरीत मजुरीला. बाबाही तिथंच मजूर म्हणून लागले आणि मजूर म्हणूनच रिटायर झाले. आम्ही बौद्ध, कागदावर महार. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. आमच्या घरात टेबलाशी बसून पगार घेणारी मी पहिली. नोकरी राखीव जागेवरची, आणि अजून कच्ची. दोन वर्षं नीट गेली तर पक्की होणार होती.

साहेब इथले जुने मराठी. पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत इकडे आले, हे ते कुणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगत. मी रुजू झाले त्या दिवशी मराठी ऐकून खूश झाले. अरे वा, आपलं माणूस, म्हणाले. मग आडनाव विचारलं. मग गाव. मग वडील फॅक्टरीत काय होते ते. सगळं ऐकून "अच्छा" म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले. दुसऱ्या दिवशी माझं टेबल हॉलमधून उचलून संडासाच्या दाराशी लावलेलं होतं. मी जाऊन विचारलं, "सर, माझी जागा काहून बदलली?"

"काहून नाही. का. मराठी तरी धड बोल."

त्या दिवसापासून मी काहूनबाई. ज्यांना मराठीचं अक्षर कळत नाही तेही मला काहून मॅडम म्हणू लागले. आम्ही घरी तसंच बोलतो. आई बोलते, आजी बोलायची. हळूहळू मी ऑफिसात मराठी बोलणंच सोडलं.

आता त्या निधीचं. शहरातली एक नाल्याकाठची वस्ती उठवली होती. तिथल्या माणसांना सिहोऱ्याच्या रस्त्यावर, शहराबाहेर, जागा दिल्या. घरं बांधायला सरकारकडून पैसे आले. त्याचं खातं वेगळं. मंजुरीच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं, हा पैसा या घरांशिवाय कशालाही लावायचा नाही. ते खातं माझ्याकडे दिलं. मला वाटलं, विश्वास टाकला.

भिंती उभ्या झाल्या तोवर सगळं बरोबर होतं. मग स्लॅबची बिलं यायला लागली. तेवीस घरांचे स्लॅब, एकाच ठेकेदाराचे. त्याच महिन्यात साहेबांच्या केबिनला नवं छत लागलं. पांढऱ्या चौकोनांचं, आत दिवे बसवलेलं. एसी आला. वरच्या ऑफिसातून पाहुणे आले, त्यांना भेडाघाटला नेलं, नावेत फिरवलं, दोन दिवस हॉटेलात ठेवलं. या खर्चाचं एकही बिल माझ्या टेबलावर आलं नाही. काम मात्र त्याच ठेकेदाराच्या माणसांनी केलं, ते मी दारातून बघून राहिले होते.

काही पावत्यांवर अंगठे राहिले होते, म्हणून मला वस्तीत पाठवलं. पहिलंच घर फूलमतीबाईचं. साठीची बाई. चार भिंती, वर निळी ताडपत्री, ताडपत्रीवर विटा. माझ्या हातातल्या पावतीवर लिहिलेलं होतं, स्लॅब पूर्ण. मी वर बघितलं. पुढच्या घरी गेले. तिथंही ताडपत्री. तेवीसही घरं फिरले. एकाही घराला स्लॅब नव्हता.

परत येताना फूलमतीबाईनं मला पाणी दिलं. बऱ्याच बायांचे अंगठे रेशनचा कागद आहे म्हणून सांगून आधीच नेलेत, असं तिनं सांगितलं. मग विचारलं, "दीदी, छत कब पड़ेगी?"

मी म्हटलं, होईल. अंगठा न घेताच परत आले.

साहेबांकडे गेले. एवढंच बोलले की सर, तिथं स्लॅब नाहीत. ते रागावले नाहीत. दार लावायला सांगितलं. मऊ आवाजात विचारलं, आजोबा कधी आले इकडे? मी म्हटलं, नक्की माहीत नाही.

"पन्नास सालाच्या आधीचा त्यांचा इथला कागद आहे? नसेल तर तू महाराष्ट्राची, या राज्याची राखीव नाहीस. मी एक पत्र लिहिलं तर नोकरी जाईल. वर खोटा दाखला दिला म्हणून केस."

मग घरांची रोकडवही पुढं सरकवली. "लिही."

आमच्याकडे आजोबांचा फॅक्टरीच्या गेटचा पितळी बिल्ला आहे, त्यावर नंबर आहे, साल नाही. आणखी काही नाही. माझा दाखला बाबांच्या दाखल्यावरून निघाला होता, बाबांचा कशावरून निघाला ते बाबांनाच आठवत नव्हतं.

मी लिहिलं. हे लपवणार नाही. तेवीस ओळी, माझ्या वळणदार अक्षरात. स्लॅब पूर्ण. स्लॅब पूर्ण. स्लॅब पूर्ण. फूलमतीबाईच्या पावतीवर अंगठा कुणी उठवला, मी विचारलं नाही.

त्यानंतरचे दोन महिने कसे गेले, मला धड सांगता येत नाही. अन्न जाईना. चेरीतालला आम्ही भाड्यानं राहतो, दारावर पोस्टमन आला तरी मी आतल्या खोलीत जायची. आईला वाटलं लग्नाचं मनात असेल. पाऊस सुरू झाला होता. बस सिहोऱ्याकडे गेलेली दिसली तरी मी मान फिरवायची.

मग ऑडिट आलं. मग तो चहा.

त्याच दिवशी दुपारी दुबेजी माझ्या टेबलाशी आले. त्यांच्या हातात एक कागद. ते सरकारला पाठवायचं प्रमाणपत्र होतं, की घरांचा सगळा पैसा घरांवरच लागला, आणि प्रत्यक्ष जागेवर जाऊन खात्री केली आहे. खाली डावीकडे सहीची जागा, आणि तिथं टाइप केलेलं माझं नाव. पूर्ण नाव, पुढं हुद्दा. लेखा सहायक. दुबेजी कुजबुजत म्हणाले, साहेबांना चार वाजेपर्यंत हवाय.

मी दुबेजींना विचारलं, "साहेबांची सही कुठं आहे?"

ते म्हणाले, साहेब पुढच्या कागदावर करतील, याच्या आधारावर.

मी तो कागद हातात धरून बसले. सकाळी या बाईला कागदाला हात लावू देत नाहीत असं सगळ्यांसमोर म्हणाले होते. दुपारी याच बाईची सही पाहिजे होती. वही माझ्या अक्षरात, जागेवर जाऊन खात्री माझी, सही माझी. उद्या कुणी ताडपत्री उचलून बघितली तर पकडायला मी. साहेबांचं नाव त्या निधीत कुठंच नव्हतं. खातं माझ्याकडे आल्यापासूनच्या सहा महिन्यांत कुठंच नव्हतं. मला ते खातं काहून दिलं, ते मला तेव्हा समजलं. संडासाच्या दाराशी बसवलेल्या बाईवर विश्वास कोण टाकतं? त्यांना फसली तर जिच्यासाठी कुणी बोलणार नाही अशी बाई पाहिजे होती.

मी रडले नाही. राग आला असं म्हणायला आवडलं असतं, पण तेव्हा भीतीच होती. फक्त आता दोन्हीकडे भीती होती. सही केली तरी, नाही केली तरी. मग निदान खरं तरी राहू दे, असं वाटलं.

प्रमाणपत्रावर मी सही केली नाही. त्याच्या खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं, की मी जागेवर गेले होते, तेवीसपैकी एकाही घरावर स्लॅब नाही, म्हणून हे प्रमाणपत्र देता येत नाही. त्या मजकुराखाली सही केली. तारीख टाकली. तो कागद आणि वही घेऊन ऑडिटच्या खोलीकडे निघाले. वीस पावलांचा पॅसेज. मध्ये मी दोनदा भिंतीला हात लावून थांबले.

साहेब आत नव्हते. मॅडम होत्या आणि त्यांचे दोघे जण. मी हिंदीत बोलले.

"मैडम, ये बही मैं लिखती हूँ. इसमें तेईस छतें झूठी हैं. मैंने ही लिखी हैं."

मॅडमनी चष्मा काढला. शाबास वगैरे काही म्हणाल्या नाहीत. दया दाखवली नाही. कोरा कागद पुढं केला आणि विचारलं, लिहून देशील? यात तूही सापडशील, कळतंय ना? मी हो म्हटलं. त्यांनी बसायला खुर्ची दिली. त्या खोलीत मी पहिल्यांदा बसले.

लिहून होईस्तोवर साहेब दारात आले होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच भीती बघितली, दोन महिने माझ्यात होती तीच.

दुसऱ्या दिवशी मॅडम वस्तीत गेल्या. ताडपत्र्यांचे फोटो काढले, बायांशी स्वतः बोलल्या. अहवाल गेला. साहेब रजेवर गेले, मग दुसऱ्या जिल्ह्यात, त्याच पदावर. नवं छत केबिनलाच आहे. पैसा परत भरायचा आदेश निघालाय म्हणतात. फूलमतीबाईच्या घरावर आजही ताडपत्री आहे. मी जाऊन तिला सगळं सांगितलं, खोटी ओळ मीच लिहिली तेही. ती म्हणाली, लिहायच्या आधी एकदा सांगितलं असतंस. एवढंच. या वेळी पाणी दिलं नाही.

मला दोन नोटिसा आल्या. एक खोट्या नोंदीची. ती बरोबर आहे. दुसरी जातीच्या दाखल्याची, दाखले तपासणाऱ्या समितीपुढं या आणि पन्नासच्या आधीचा पुरावा आणा. ते पत्र कुणी लिहिलं, विचारायची गरज नव्हती. बाबा पितळी बिल्ला रुमालात बांधून फॅक्टरीच्या दारोदार फिरून राहिले आहेत. जुनं रजिस्टर सापडत नाही, पुढच्या महिन्यात या, असं उत्तर मिळतं.

परवा दुबेजी घरी आले. चांगला माणूस आहे, स्वतःहून आला नव्हता. म्हणाले, बेटा, दोन ओळी लिहून दे, की तुझी पाहण्यात चूक झाली, तू दुसऱ्याच वस्तीत गेली होतीस. दाखल्याची फाईल बंद होईल. नोकरी पक्की होईल. कागद टाइप करूनच आणला होता. आईनं तो वाचला. आईला लिहिणं जमत नाही, वाचणं जमतं. तिनं तो घडी घालून त्यांच्या हातात परत दिला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तुले भेव वाटते का?"

मी म्हटलं, "हो. लय."

वाटतं. हे लिहितानाही वाटून राहिलं आहे. मंगळवारी समितीपुढं जायचं आहे. समितीवरचे चौघं कोण असतील, मला ठाऊक नाही. मी हातात एक बिल्ला आणि माझ्या खोट्या तेवीस ओळींची नक्कल घेऊन जाणार, ते पत्र कशापायी लिहिलं गेलं ते त्यांना दाखवायला. त्या ओळींची जी शिक्षा असेल ती द्या, मी घेते. नोकरी जाईल तर जाऊ दे, मी दुसऱ्याच्या दुकानात हिशोब लिहीन. पण वस्ती तीच होती. घरं तीच होती. वर ताडपत्रीच होती. हे मी बघितलं, आणि बघितलं नाही असं माझ्या हातून आता कुणी लिहून घेणार नाही.