बडनेऱ्याला चढणारे मामा

विमानातून उतरलेल्या माणसाला पुढच्या गाडीत बसवणं ही काय चीज आहे, हे अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात फक्त माझ्या मामांना कळतं. मामा राहतात आर्णीला. आर्णीत रेल्वे नाही. आमचं स्टेशन धामणगाव, तेही यवतमाळ ओलांडून दोन-अडीच तासांवर. मामा स्वतः विमानात कधी बसलेले नाहीत. कापूस आणि तूर यातून त्यांना सवड मिळाली नाही. पण मी कॅनडातून यायचं ठरवलं, की माझ्या आधी त्यांचा प्रवास सुरू होतो.

वहीच्या पानावर रेघा मारून ते आराखडा करतात आणि त्याचा फोटो मला मोबाइलवर पाठवतात. विमान टेकलं, सामान आलं, आंघोळ, जेवण, गाडी, असे रकाने. विमान आणि गाडी यांत ते नऊ तास ठेवतात. एवढे कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कापसाच्या जिनिंगसमोर माह्या म्होरं साठ गाड्या होत्या, तं दिवस गेला. तुह्या इमानात तीनशे माणसं हायेत. आता तूच सांग." त्यांनी दिलेली साखळी आणि कुलूप माझ्या बॅगेत कायम असतं, गाडीत बॅग बर्थला बांधायला. तिकडच्या विमानतळावर एकदा अधिकाऱ्यानं ती साखळी वर धरून हे काय म्हणून विचारलं. मला मामांशिवाय दुसरं उत्तर सुचेना.

पण त्यांचं खरं काम बडनेऱ्याला. पहिल्या वर्षी मी मुंबईहून रात्रीच्या गाडीत बसलो, मेल्यासारखा झोपलो आणि थेट नागपूरला जागा झालो. मामा धामणगावच्या फलाटावर उभे होते, गाडी त्यांच्यासमोरून मला घेऊन गेली. तेव्हापासून ते आदल्या दिवशीच बडनेऱ्याला मुलीकडे मुक्कामाला जातात, सकाळी माझ्याच गाडीत चढतात, माझी बोगी शोधतात आणि माझ्या पायाचा अंगठा ओढतात. "उठ बापू, धामणगाव येऊन राह्यलं." मग तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, आमटी आणि पोळ्या यांचा डबा उघडतात. तोंड धुवायचीही सवड देत नाहीत.

आता जे सांगायचं ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी मी त्यांना फसवलं. कंपनीनं मला नागपूरपर्यंत विमानाचं तिकीट दिलं, म्हणून आधी काढलेलं रेल्वेचं तिकीट मी रद्द केलं. तिथून टॅक्सीनं मी आर्णीला आईकडे आलो आणि पलंगावर पसरलो. मामांना कळवायचं आज, उद्या म्हणत राहिलो. कळवलंच नाही. भीती रागावण्याची नव्हती, ते हिरमुसतील याची होती. ते नेहमीप्रमाणे गाडीत चढले. माझ्या बर्थवर नागपूरचे कुणी गृहस्थ झोपले होते, मामांनी त्यांचा अंगठा ओढला. त्या गृहस्थांनी काय ऐकवलं ते मामा हसत हसत सांगतात. दुपारी ते भरलेला डबा घेऊन घरी आले. मी म्हणालो, "विमानवाल्यांनी परस्पर बदललं, मामा." ते म्हणाले, "असं होते बाबा." आणि पुढच्या वर्षीच्या आराखड्यात एक नवा रकाना आला: 'इमानवाल्याइनं परस्पर बदलवलं तं.'

माझ्या खोटेपणाला त्यांनी वहीत जागा करून दिली होती. तो रकाना दर वर्षी येत राहिला आणि मला दर वर्षी टोचत राहिला.

या हिवाळ्यात मी अकोल्यापासूनच जागा होतो. बडनेऱ्याला मामा चढले. गुडघे धरून, कठड्याला टेकत, एकेक बर्थ मोजत आले. मी डोळे मिटून घेतले. अंगठा ओढला गेला. मी उठून बसलो आणि डबा उघडायच्या आधीच सगळं बोलून टाकलं.

मामांनी डबा उघडून पोळीचा घास केला. "माहीत हाय मले. तुह्या मायनं त्याच दिवशी सांगतलं."

"मग तो रकाना कायले ठेवला?"

"तुले पुढच्या खेपेला सोपं जावं म्हणून. तसं इमानानं यावंसं वाटलं, तं नुसतं त्या रकान्यावर बोट ठेव. मंग मी बडनेऱ्याले येणार नाही."

मी म्हणालो, "रकाना खोडा, मामा." त्यांनी डबा पुसून पिशवीत ठेवला, खिडकीला डोकं टेकलं आणि बघता बघता झोपले. माझ्यासाठी ते पहाटे तीनला उठले असणार. चप्पल निसटून पडली होती, पायाचा अंगठा उघडा होता.

बाहेर कापसाची शेतं उजाडत होती. धामणगाव यायला दहा मिनिटं होती. मी घड्याळ पाहिलं आणि मामांना आणखी पाच मिनिटं झोपू दिलं.