यादीत नसलेला निबंध

ज्याने आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नाही आणि तरीही ज्याला येताना पाहून लोक हातातले कागद पालथे घालत, असा मुंबईच्या सगळ्या उपनगरांत मिळून मी एकच माणूस पाहिला, आणि तो सव्वीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसला. घाटकोपरच्या एका कॉलेजात आम्ही दोघे प्राणिशास्त्र शिकवत होतो. त्याचा विषय निवटी, म्हणजे खाडीच्या चिखलावर उड्या मारत फिरणारा बोटभर मासा. रविवारी, आणि ओहोटी साधायची तर मधल्या वारीही, हा वर्सोव्याला जाऊन गुडघाभर चिखलात उभा राहून निवट्या मोजायचा. खायच्या नाहीत तर मोजतोस कशाला, असं तिथल्या कोळणींनी विचारलं, की हसण्यावारी न नेता खरोखर विचारात पडायचा.

पण कॉलेजात त्याचा दरारा होता तो वेगळ्याच कारणासाठी. निबंध सरकारमान्य यादीतल्या जर्नलमध्ये छापून आला की नाही यावर आमच्या बढत्या ठरू लागल्या, तसा फी भरली की काहीही छापून देणाऱ्या जर्नलांचा सुळसुळाट झाला. कुणी आनंदाने स्वीकृतीची ईमेल दाखवायला आलं, की हा चष्मा कपाळावर चढवून विचारायचा, किती दिवसांत आली? आठ, असं उत्तर आलं की मान हलवायचा. "आठ दिवसांत माझा शिंपी पँट आखूड करून देत नाही. यांनी तुझी वीस पानं वाचली कधी?" वनस्पतिशास्त्राच्या एक तरुण बाई एकदा हरखून सांगत आल्या, की त्यांच्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे वजनाचा आकडा, सात आहे. तो कुणी दिला, याने विचारलं. त्यांच्याच वेबसाइटवर लिहिलंय ना सर, बाई म्हणाल्या. "मग मीही दारावरच्या पाटीवर नावाआधी 'देखणे' असं लिहून घेतो," हा म्हणाला. मग त्यांचा उतरलेला चेहरा पाहून स्वतःच इतका कानकोंडा झाला, की दोन तास बसून त्यांना चार बरी जर्नल्स शोधून दिली. जर्नल पारखायची त्याची रीत ठरलेली होती. संपादक मंडळाच्या यादीतली तीन नावं निवडायची आणि तिघांना लिहायचं, की आपण या मंडळावर आहात हे आपल्याला ठाऊक आहे का? पुष्कळदा नसायचं. आणि स्वतःच्या निबंधाचा कुणी संदर्भ दिला तर तो का दिला, हे तपासल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. सिमेंटवरच्या एका निबंधात त्याच्या निवट्यांचा संदर्भ निघाला. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. याने लेखकाच्या मागे लागून तो काढायला लावला. वहिनी म्हणायच्या, "लोकांचे नवरे वजन कमी करतात, आमचे हे सायटेशन कमी करतात."

स्टाफरूममध्ये आमची एक भिशी चालायची, ती संदर्भांची. भिशीतल्या प्रत्येकाने आपल्या निबंधात बाकीच्या पाच जणांचे निबंध, वाचलेले असोत नसोत, घालायचे. कुणाचा संदर्भ किती जणांनी दिला तेही बढतीला मोजत, आणि अशाने सगळ्यांचे आकडे सारखे वाढत. ही कल्पना माझी होती. मी त्यालाही बोलावलं तेव्हा तो म्हणाला, "अरे, पण तू निवट्यांवर काय लिहिलंयस? दाखव की." त्यात टोमणा नव्हता. मी खरंच काही लिहिलं असेल असं वाटून त्याला आनंद झाला होता.

पुढे माझा एक निबंध परदेशी वाटणारं नाव असलेल्या एका जर्नलमध्ये छापून आला. याने सवयीप्रमाणे तीन पत्रं पाठवली. एक उत्तर मंडळावरच्या एका शास्त्रज्ञाच्या मुलीकडून आलं. वडील चार वर्षांपूर्वीच गेले, तुम्हाला त्यांचं नाव कुठे दिसलं, असं तिने विचारलं होतं. तो कागद याने माझ्या टेबलावर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, "तुझं जर्नल खोटं आहे रे. हा निबंध तुझ्या बायोडेटातून काढ. मी कुणाला बोलणार नाही, तूच प्राचार्यांना सांग." सांगतो, मी म्हणालो, आणि कागद खणात टाकला.

त्याच वर्षी आमच्या विभागात प्रोफेसरची एक जागा निघाली. अर्ज दोनच, त्याचा आणि माझा. माझ्याकडे आकडे होते, त्यांत तो निबंधही. त्याच्याकडे निवट्यांवरचा एक मोठा निबंध होता, नऊ वर्षांच्या कामाचा. तो एका जुन्या, छोट्या जर्नलमध्ये आला होता. तिथल्या परीक्षकांनी तो तीनदा परत पाठवला होता आणि याने तीनदा नव्याने लिहिला होता. मुलाखतीत समितीच्या अध्यक्षांनी मला सहज विचारलं, तुमच्या सहकाऱ्यांचा हा निबंध ज्यात आलाय त्या जर्नलला काही दर्जा आहे का? ते जर्नल किती कसून तपासतं, हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "ते यादीत नाही, सर." वाक्य खरं होतं. ते यादीत नव्हतंच. जागा मला मिळाली. त्याने माझ्याशी हात मिळवला, माझ्या खोट्या जर्नलचा विषय कधीही काढला नाही, आणि पाच वर्षांनी होता त्याच पदावरून निवृत्त झाला.

गेल्या महिन्यात मी बोरिवलीला त्याच्या घरी गेलो. गुडघे गेल्यामुळे त्याचं खाडीवर जाणं बंद झालं आहे. वहिनी चहा टाकायला आत गेल्या तेव्हा मी त्याला मुलाखतीतलं ते वाक्य सांगितलं. इतकी वर्षं त्याला ते माहीत नव्हतं. शिव्या ऐकायची माझी तयारी होती. त्याने एवढंच विचारलं, "समितीत कुणी उघडून बघितला होता का रे, माझा पेपर?"

नाही, मी म्हणालो.

"आणि तू?"

मीही वाचला नव्हता. तो हातभर अंतरावर बसून लिहीत होता तेव्हाही मी वाचला नव्हता. त्याने उठून कपाटातून एक प्रत काढली, माझ्या हातात दिली, आणि मग आम्ही चहा प्यालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो वाचायला बसलो. चौतीस पानं. निवटी ओहोटीला कुठे जाते, आपलं बीळ कसं राखते, भराव पडला की कुठे सरकते, हे सगळं इतकं सरळ लिहिलेलं, की संध्याकाळ झाली तरी मी खुर्चीवरून उठलो नाही. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आभार होते. त्यांत पहिलं नाव माझं. "मी चिखलात असताना माझे तास ज्याने कुरकुर न करता घेतले," असं लिहिलं होतं. घेतले होते खरे. माझ्या ते लक्षातही नव्हतं.

खोट्या जर्नलमधला माझा तो निबंध मी मागे घेतो, हे इथे लिहून ठेवतो, कारण ते जर्नल आता राहिलेलं नाही आणि कळवायला कुणी नाही.

मी त्याला फोन केला. वाचला, एवढंच म्हणालो. आभारांचं बोलणं मला जमेना. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, तिसऱ्या आकृतीत भरतीची रेषा नीट कळत नाही.

"हो ना?" तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम तरुण झाला. "मलाही तीच खटकते." मग तो बोलत राहिला, ती रेषा कशी काढायला हवी होती, भरतीच्या खुणेसाठी चिखलात ठोकलेल्या खुंट्या कशा वाहून गेल्या होत्या, आणि मी फोन कानाशी धरून ऐकत बसलो.