पाणकावळ्याची होडी गोड्या पाण्याला का आली नाही

…आणि तो 'हट्टी' शब्द लिहिलास ना, तो माझ्या तोंडचा नाही. तो लोकांच्या तोंडचा. मी सांगते तेवढंच लिही. हळूहळू सांगते, हात दुखला की थांब म्हण.

हां, तर भावजी. तुझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. सगळा किनारा त्यांना पाणकावळा म्हणायचा, अगदी तोंडावर, आणि तेही खुशाल ओ द्यायचे. आता लोक म्हणतात, पाणकावळ्यानं हट्टापायी बायको बुडवली. तुझी आत्या, त्यांची पोटची पोर, तीसुद्धा तेच म्हणते. अकरा वर्षं झाली, बापाचं तोंड पाहिलं नाही तिनं. आणि परवा डॉक्टर म्हणाले की भावजींचे आता फार दिवस नाहीत. म्हणून तुला कामाला लावलंय.

ती होडी मुळात आमच्याच कारखान्यातली. नदीच्या वळणावर ह्यांचा होड्या दुरुस्त करायचा कारखाना होता, तुला आठवत नसेल. एक चाळीस वर्षांची जुनी शिडाची होडी मोडीत काढायला आली होती. भावजी तिथंच सुतारकाम करायचे. म्हणाले, दादा, ही मोडू नकोस, मला दे. हे म्हणाले, ने बाबा, तेवढीच जागा मोकळी होईल. वर्षभर खपून भावजींनी ती उभी केली. आणि मग तिच्यातच बिऱ्हाड केलं. विंचवाचं असतं ना पाठीवर, तसं.

काम काय, तर शिडं शिवायची. होडीच्या पोटात एक खोली, तिच्यात टेबल, टेबलाला बोल्टनं आवळलेलं हाताचं मशीन. या बंदराहून त्या बंदराला जायचं, कुणाचं शीड फाटलंय, कुणाला ताडपत्री हवीय, शिवून द्यायची, पुढं निघायचं. माझी जाऊ मशीन चालवायची, भावजी कापायचे. खोली एवढी बुटकी की उभं राहता यायचं नाही. वाकून वाकून भावजींना सवयच लागली, आमच्याकडे आले तरी दारातून वाकून शिरायचे आणि आम्ही हसायचो. चूल साखळ्यांवर टांगलेली, होडी कलली तरी भांडं सरळ राहावं म्हणून. कपडे कधी म्हणजे कधी पुरते वाळायचे नाहीत. खारट ओल. चपलांना बुरशी. मी एकदा जावेला विचारलं, अगं, कंटाळा नाही येत? तर म्हणाली, "ताई, एकच अडचण आहे. नवऱ्याशी भांडून जाऊ कुठे? चार पावलं टाकली की समुद्र."

तुझी आत्या तिथंच रांगली. कमरेला दोरी बांधून डोलकाठीला अडकवायचे तिला, वासरू बांधतात तशी. सहा वर्षांची झाली तेव्हा शाळेसाठी आमच्याकडे ठेवली. तेव्हापासून ती माझीच. वेणी मी घातली, ताप मी काढला, लग्नही आमच्याच दारात.

आता नीट लिही, हे महत्त्वाचं आहे. लाकडाच्या होडीला समुद्रात एक किडा लागतो. टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडून आत शिरतो आणि आतल्या आत फळी खातो. वरून काही दिसत नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा. डांबर फासलंस तर भोकही बुजतं, मग तर देवालाही कळायचं नाही. त्याला औषध एकच. वर्षातून महिनाभर होडी नदीत, गोड्या पाण्यात आणून ठेवायची. गोड्या पाण्यात तो किडा मरतो. आणि एवढ्या पोटाची होडी राहील इतकी खोल नदी त्या किनाऱ्यावर एकच होती, आणि तिच्यावर धक्का एकच, आमचा. दरवर्षी शिडं शिवायचा हंगाम उतरला की भावजी यायचे, महिनाभर राहायचे. तो महिना म्हणजे माझं अंगण भरलेलं. दोघे भाऊ बादली उपडी घालून तिच्यावर बसायचे आणि होडीचा तळ ठोकून ठोकून बघायचे.

बिघडलं ते आत्याच्या लग्नात. नवऱ्याकडच्या कुणी तरी विचारलं, मुलीचे आईवडील राहतात कुठे? भावजींनी मोठ्या कौतुकानं बोट दाखवलं, ते बघा आमचं घर. आणि तुझे आजोबा, चार माणसांत, हसत हसत म्हणाले, "घर कसलं, तरंगतं सरपण आहे ते." सगळे हसले. भावजीही हसले. पण दुसऱ्या दिवशी उजाडताच दोर सोडला. जाताना म्हणाले, वहिनी, आता या धक्क्याला नाही यायचो. मला वाटलं, राग काय, दुधाची उकळी, निवेल.

तो हंगाम गेला, आले नाहीत. पुढचा गेला, आले नाहीत. हेही बोलावणार नाहीत आणि तेही येणार नाहीत. मी ह्यांना म्हणायची, अहो, निरोप तरी धाडा. हे म्हणायचे, त्याला शीड आहे, येईल की.

आता पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही.

दुसऱ्या वर्षी हंगाम उतरल्यावर जाऊ एकटीच बसनं आली. नदीकाठानं चालत आली, पायांना धूळ. मी पाणी दिलं. ती जमिनीवरच बसली, खुर्चीवर बसलीच नाही. म्हणाली, त्यांनी पाठवलंय. फळी ठोकली की पोकळ वाजतेय, झोप लागत नाही त्यांना. दादांना विचार म्हणाले, आम्ही आलो तर चालेल का. बघ, शब्द कसा होता. येतो नाही, आलो तर चालेल का. गिळला होता त्यांनी राग. पुरता गिळला होता.

हे बाहेरच्या खोलीत होते, सगळं ऐकत. तिथूनच विचारलं, पाणी येतं का आत? ती म्हणाली, नाही, थेंब नाही. हे म्हणाले, मग कशाला रडगाणं? अरे, पण हे सुतार! ह्यांना का ठाऊक नव्हतं की किड्यानं खाल्लेली फळी झिरपत नाही, पापुद्रा असतो तोवर धरून ठेवते आणि जाते ती एकदम जाते? मला अडाणी बाईला ठाऊक होतं.

मी बाहेर गेले. हळूच म्हटलं, येऊ द्या की. हे म्हणाले, चार माणसांत येऊन म्हणावं त्यानं, दादाचं खरं होतं. तोवर सांग तिला, यंदा धक्क्याला जागा नाही.

आणि मी आत येऊन सांगितलं. म्हटलं, "यंदा जागा नाही गं. होड्या फार आल्यात."

धक्का रिकामा होता. एक होडी नव्हती, एक. आणि ती त्याच वाटेनं चालत आली होती.

तिनं माझ्याकडे बघितलं. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "हो ताई, दिसली गर्दी येताना."

एवढंच. जेव म्हटलं, तर बस चुकेल म्हणाली. मी भाकरी बांधून दिली. ती नेली तिनं, राग दाखवला नाही.

त्यानंतर महिना झाला नसेल. भर दुपार, वारा काही वादळी नव्हता, रोजचा. एक बंदर सोडून दुसऱ्या बंदराला निघाले होते. भावजी वर सुकाणूवर, ती खाली मशीनवर, कुणाची तरी ताडपत्री उद्या द्यायची होती. तुषार आत येतात म्हणून वरचं दार लावून घेतलं होतं. कशाला आपटली नाही की कुठं घासली नाही. तळाची फळी गेली. भाताला उकळी यायला लागते तेवढ्या वेळात होडी खाली. ते दार ओलीनं फुगायचंच, दणका दिल्याशिवाय उघडायचं नाही. भावजींनी ते ओढलं. बाहेरून ते ओढतायत आणि आतून ती ढकलतेय. कोळ्यांनी त्यांना पाण्यातून काढलं तेव्हा दाराची कडी हातात होती, बोटं सोडवावी लागली. ती तिसऱ्या दिवशी सापडली.

फळीचा एक तुकडाही किनाऱ्याला लागला होता. ह्यांनी तो अंगठ्यानं दाबला, तर बिस्किटासारखा चुरा झाला. भेटायला आलेल्या एकानं विचारलं, गोड्या पाण्याला आणली नव्हती का हो होडी? तेव्हा हे म्हणाले, हट्ट नडला त्याचा. आणि मी तिथंच, चहाचा ट्रे घेऊन उभी.

आत्यानं ते ऐकलं. गेली तडक बापापुढं. का नाही आलात गोड्या पाण्याला, म्हणून विचारलं. भावजींनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता सांगतात.

म्हणाले, "राहून गेलं."

त्या दिवसापासून ती बोललेली नाही. भावजी बंदरामागच्या एका खोलीत राहायला लागले. दुकानांच्या ताडपत्र्या शिवतात, म्हणजे शिवायचे, आता छाती साथ देत नाही. तुझे आजोबा गेले तेव्हा दारापर्यंत आले आणि वाकून परत फिरले. नंतर मी गेले त्यांच्याकडे. विचारलं, भावजी, तुम्ही पोरीला सांगितलं का नाहीत? तर म्हणाले, "आई गेली तिची. माहेर म्हणून एक तुमचंच घर उरलं, वहिनी. तेही मोडून देऊ?"

आता तूच सांग, यात हट्टी कोण.

मी सांगायला हवं होतं. त्या क्षणी नाही तर ह्यांच्या माघारी तरी. पण आत्या दर सुट्टीला यायची, माझ्या मांडीवर डोकं ठेवायची, आणि मी तिच्या केसांना तेल लावत बसायची. तिनं मला सोडलं असतं ना. माझ्या भीतीपायी अकरा वर्षं बाप एकटा शिजवून खातोय.

हे टपालानं नको पाठवूस, चार दिवस लागतील. उद्या सकाळच्या बसनं तूच जा आणि आत्याला समोर बसवून वाच. सगळं वाच, माझं काही झाकू नकोस. आणि एवढं सांग, बापानं विचारलं होतं, तुझ्या काकीनं नाही म्हटलं. माझ्याकडे यायचं की नाही ते मागाहून ठरव म्हणावं, आधी बंदरामागच्या खोलीत जा.